खुंट्यानं दोर सोडला

लेक : आणि कानफटात मारलीत, काका. सगळ्या युनिटसमोर. तो आपला हीरो आहे. गाल सुजला तर उद्याचा शॉट जाईल.

कप्तान : उद्यापर्यंत उतरेल.

लेक : प्रश्न गालाचा नाही. तीन आठवडे तुम्ही या नटांना रस्सीखेचीचा दोर ओढायला शिकवताय, कुणावर आवाजसुद्धा चढवला नाहीत. आज एकदम हात उचललात. दिग्दर्शक म्हणाला, तुझ्या वडलांच्या संघाचे कप्तान आहेत, तूच बोल. सगळे बाहेर मैदानात थांबलेत.

कप्तान : आधी बस. त्या बाकावर नको, मेकअपवालीनं पावडर सांडलीय.

लेक : काका.

कप्तान : त्यानं दोर मनगटाला गुंडाळला होता. पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं? चड्डी फाटली तर फाटू दे, पण दोर हाताला गुंडाळायचा नाही.

लेक : तालीम होती. समोर दुसरा संघही नव्हता, दोर झाडाला बांधला होता.

कप्तान : आणि सात जण ओढत होते. दोराला कळत नाही तालीम चाललीय म्हणून. एक वेटोळं घेतलं की हात तुझा राहत नाही, दोराचा होतो. पुढून ताण, मागून ताण, मधे मनगट. हाड पिचतं.

लेक : मग ओरडायचं ना.

कप्तान : ओरडणारच होतो. हात आधी गेला.

लेक : कुणाचं झालेलं पाहिलंय का तुम्ही असं?

कप्तान : झालेलं नाही. होता होता राहिलेलं पाहिलंय.

लेक : कुणाचं?

कप्तान : तुझी ती संहिता काल वाचून संपवली मी.

लेक : आज त्या शॉटचं बोलतोय आपण.

कप्तान : मी त्याचंच बोलतोय. चष्म्याचा नंबर वाढलाय, म्हणून एवढे दिवस लागले. हसलो बरं का. तो बुडावर फोड आलेला माणूस बसायला जागा शोधत फिरतो, तिथं तर चहा नाकातून बाहेर आला.

लेक : तो सीन बाबांनी सुचवला.

कप्तान : वाटलंच मला. आठ जण तरुणपणी हरतात, वीस वर्षांनी ढेरपोटे म्हातारे होऊन पुन्हा एकत्र येतात, एकेकाची लाज निघते, आणि शेवटी जिंकतात. छान आहे. शेवटच्या ओढीला खुंटा, म्हणजे तुझा बाप, दोर सोडत नाही. पुन्हा एकदा पादतो, पण दोर सोडत नाही. थिएटर डोक्यावर घेतील लोक.

लेक : त्याच्यासाठीच तर सगळा सिनेमा लिहिलाय, काका. तुम्हाला माहितीय ना, बाबांना लोक काय म्हणायचे. आधी वारा सोडला, मग दोर सोडला. जुन्या कारखान्यातलं कुणी भेटलं की अजून म्हणतात. मी म्हटलं, हसणारच आहात तर पडद्यावर हसा, आणि शेवटी त्याच माणसासाठी टाळ्या वाजवा. बाबांना एकदा तरी जिंकलेलं बघायचं होतं मला.

कप्तान : ते कळलं मला वाचताना. म्हणूनच रात्रभर डोळा लागला नाही. पोरी, तुझा बाप पादला नव्हता.

लेक : म्हणजे?

कप्तान : त्याच्या पोटाला काही झालं नव्हतं. दोर त्यानं माझ्यासाठी सोडला.

लेक : काय बोलताय तुम्ही?

कप्तान : ऐक, मधे बोलू नकोस. मधे बोललीस तर मी गप्प होईन, आणि बावीस वर्षं गप्पच होतो. संघात आम्ही आठ. शेवटचा आठवा, तो खुंटा. त्याच्याच काखेतून आणि खांद्यावरून दोर जातो, तो मातीत खुंटासारखा रुतून उभा राहतो. त्याच्या पुढं सातवा मी. म्हणजे माझे हात कायम तुझ्या बापाच्या डोळ्यांसमोर. त्या वर्षी हिवाळ्यात साचा उतरवताना माझ्या उजव्या हाताची दोन बोटं चेमटली होती. ही, करंगळी आणि शेजारची. वरून दिसायला धड, आतून मेलेली. कारखान्यात कुणाला सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर साचेकामावरून काढून अंगण झाडायला लावलं असतं. दोन पोरं लहान होती माझी.

लेक : बाबांना माहीत होतं?

कप्तान : त्यालाही नव्हतं. अंतिम सामना, एकेक ओढ दोन्ही संघांनी जिंकलेली, तिसरी चाललेली. आठ मिनिटं झाली तरी कुणी हलेना. मग आमच्या बाजूला इंचाइंचानं सरकायला लागलं. वीतभर राहिली होती रेषा. आणि माझा हात घसरायला लागला. मी काय केलं असेल?

लेक : गुंडाळलात.

कप्तान : मनगटाला. पूर्ण वेटोळं. पंचाला दिसलं असतं तर संघ बाद आणि मी पाच वर्षं घरी. पंच पलीकडच्या बाजूला होता. मला वाटलं, वीतभरच आहे, निघून जाईल. तेवढ्यात समोरच्यांनी हिसका दिला. इथपर्यंत कळ गेली, खांद्यापर्यंत. तोंडातून शब्द फुटेना. मागून एकदम ताण गेला. तुझ्या बापानं खांदा पाडला आणि दोर सोडून दिला. मागचा दोर सैल झाला तसं वेटोळं उलगडलं, माझा हात सुटला. मग आम्ही सगळे तोंडावर पडलो.

लेक : आणि पादल्याचं?

कप्तान : ते तोच म्हणाला. उठलो तर हा पोट धरून बसलेला. जुलाब, जुलाब म्हणतोय. सगळं मैदान हसत होतं. आणि मी उभा राहिलो, हात पाठीमागं धरून.

लेक : नंतर? बावीस वर्षं म्हणालात ना. नंतर कधीच नाही सांगितलंत?

कप्तान : पहिल्या दिवशी भीती होती. दुसऱ्या दिवशी लाज. मग त्याचा विनोद होऊन गेला. आणि विनोदात दुरुस्ती कोण करतं?

लेक : काका, या सिनेमातल्या कप्तानाला मी भला माणूस लिहिलाय.

कप्तान : तेच सांगायला बसलोय.

*

खुंटा : बादलीला पाय लागू देऊ नकोस, खुर्ची विणायचा वेत भिजत घातलाय. आज दिवसाउजेडी कशी आलीस? शूटिंग आटोपलं?

लेक : थांबवलंय. कप्तानकाकांनी हीरोच्या कानाखाली लावली.

खुंटा : कुठल्या हातानं?

लेक : उजव्या.

खुंटा : मग फार लागली नसेल.

लेक : का? का लागली नसेल, बाबा?

खुंटा : वय झालं त्याचं.

लेक : वय दोन्ही हातांना सारखंच होतं.

खुंटा : ती कात्री दे इकडं. ही खुर्ची परवा द्यायचीय वकिलीणबाईंना. त्यांचा नवरा बसला की बैठकीतून खालीच जातो. तुझ्या सिनेमात घाल त्याला.

लेक : बाबा, काकांनी मला सगळं सांगितलं.

खुंटा : म्हातारपणी माणसाच्या आठवणींचा काला होतो. मागं मला म्हणत होता, आपण दोघं एकाच वर्गात होतो. मी शाळेत गेलो होतो हीच बातमी आहे.

लेक : वेटोळं. दोन मेलेली बोटं. वीतभर उरलेली रेषा.

खुंटा : कात्री दे म्हटलं ना.

लेक : खरं आहे ना?

खुंटा : खरं असलं तर काय करणार आहेस?

लेक : मला कळायला हवं.

खुंटा : बरं. मग ऐक, आणि डोळे मोठे करू नकोस. त्यात काही मोठं नाही. माझ्या नाकासमोर हातभर अंतरावर त्याचं मनगट होतं. आधी पांढरं पडलं, मग जांभळं. कातडी दोराखालून चुण्या पडून वर आली होती. मी कारखान्यात क्रेन चालवायचो, साखळीखाली चेंगरलेला हात एकदा पाहिला होता. आवाजही ऐकला होता. तो पुन्हा ऐकायचा नव्हता मला. म्हणून सोडला. कप्तानावर उपकार वगैरे काही नाही, मला स्वतःला ऐकवलं नसतं.

लेक : आणि जुलाब?

खुंटा : पंच धावत येत होता. मॅनेजरसाहेब खुर्चीतून उठले होते. सगळे विचारणार, काय झालं, आणि सगळ्यांच्या आधी कप्तानाचा हात बघणार. मग मी पोट धरून बसलो. पोटाचं नाव काढलं की माणसं पुढं विचारत नाहीत. हसतात आणि चालू लागतात.

लेक : तो आवाज मात्र लोकांनी ऐकला म्हणतात.

खुंटा : तो मी काढला. तोंडानं, असा हातावर ओठ दाबून. थांब, दाखवतो.

लेक : नको. मला येतो ओळखता.

खुंटा : म्हणजे?

लेक : पाचवी ते दहावी मी वर्गात पाऊल टाकलं की मागच्या बाकावरून तोच आवाज यायचा. हातावर ओठ दाबून. बाई फळ्याकडं वळल्या की पुन्हा. दहावीच्या निकालाला मी पहिली आले, माझं नाव पुकारलं, आणि मी व्यासपीठावर चढताना तोच आवाज. मुख्याध्यापकसुद्धा हसले.

खुंटा : हे तू कधी बोलली नाहीस.

लेक : कुणाला बोलू? तुम्ही संध्याकाळी घरी यायचात आणि पाहुण्यांना तोच किस्सा स्वतः रंगवून सांगायचात. मला वाटायचं, बाबांना चालतं तर मला का लागतंय? माझ्यातच काहीतरी कमी आहे.

खुंटा : दुसऱ्यानं सांगितला की टोचतो. आपण सांगितला की जरा बोथट होतो. म्हणून सांगायचो.

लेक : आमच्यासाठी नाही झाला बोथट.

खुंटा : नाही. ते दिसतंय आता.

लेक : आईला माहीत होतं?

खुंटा : तिला कोण फसवणार? त्याच संध्याकाळी म्हणाली, तुमचं पोट मी भरते, त्यात काय होतं ते मला ठाऊक आहे. मग सांगावं लागलं. ती म्हणाली, बरं केलंत, पण याची किंमत कुणाला पडेल ते बघा. मी म्हटलं, मला पडेल. दुसरं कोण आहे यात?

लेक : मी होते.

खुंटा : तू नऊ वर्षांची होतीस. खरंच सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नाही. शाळा म्हणजे मला वाटायचं, तिथं पाढे म्हणतात.

लेक : आणि तुम्ही? तुम्ही क्रेन सोडून पंपघरात बदली मागून घेतलीत. आम्हाला सांगितलंत, तिथं शांतता असते.

खुंटा : होतीच शांतता. पंपाच्या घरघरीत कुणाचा आवाज ऐकू येत नाही. क्रेनवर वर बसलो की खालून सगळे एका सुरात वाजवायचे. तीस माणसं. वर हातात चार टन लोखंड लोंबकळत असताना. म्हटलं, एक दिवस हात चुकायचा आणि कुणीतरी खाली जायचं.

लेक : याला तुम्ही काही मोठं नाही म्हणता.

खुंटा : हसतील त्याचे दात दिसतील. त्यांच्या हसण्याचं मला एवढं नव्हतं. एकाचंच होतं.

लेक : कुणाचं?

खुंटा : भट्टीवाल्याचं. आमचा तीन नंबर. त्याचं ते संघातलं शेवटचं वर्ष, चाळिशी उलटलेली. बाप आंधळा त्याचा, सत्तरीचा. खुर्चीसकट उचलून आणला होता मैदानात, जिंकल्याचा गलका ऐकवायला. म्हाताऱ्यानं काय ऐकलं, तर लोकांचं हसणं. विचारत होता, काय झालं रे, कोण पडलं? तेव्हापासून भट्टीवाला माझ्याशी बोलत नाही. दोन गल्ल्या सोडून राहतो. बाप गेला त्याचा तेव्हा मी गेलो होतो दारात. त्यानं दार लोटून घेतलं.

लेक : तरी त्याला सांगितलं नाहीत.

खुंटा : त्याला सांगायचं म्हणजे कप्तानाला त्याच्यापुढं उभं करायचं. एका मित्रानं तोंड फिरवलंच होतं, दोघांमधे कशाला लावून देऊ? झाकली मूठ.

लेक : बाबा, मी तो सीन बदलणार आहे.

खुंटा : बदलायचा नाही.

लेक : का?

खुंटा : कारण ते माझं आहे. आयुष्यात ठरवून मी फार गोष्टी केल्या नाहीत. ही एक केली, आणि ती कुणाला न सांगता पाळली. तू पडद्यावर टाकलंस की उद्यापासून लोक हात जोडून माझ्यासमोर उभे राहतील. हसणारी माणसं परवडली, ग. हात जोडणारी नकोत.

लेक : तुमचं एकट्याचं नाही ते. शाळेत मी जात होते.

खुंटा : ती बादली इकडं सरकव.

लेक : आता विषय टाळू नका.

खुंटा : टाळत नाही. वेत तुटला. नवा घ्यावा लागेल.

*

कप्तान : ये. आलास ते बरं झालं. लेकीनं ओढून आणलं की स्वतः आलास?

खुंटा : तिनं रिक्षा बोलावली, मी बसलो. हे काय, हा तुझा हीरो? याला उभं करून ओढायचं की पाठीवर घ्यायचं?

कप्तान : चांगला पोरगा आहे. काल त्याची माफी मागितली. तो म्हणाला, आणखी एक मारा पण असं गुंडाळणं कुणाला करू देऊ नका.

लेक : काका, बाबांना आजचं सांगा.

कप्तान : आज जुन्या संघातले आम्ही या नटांसमोर ओढणार आहोत. सिनेमाच्या शेवटी नावं येताना दाखवणार म्हणे. दोघे वारले, एक परगावी. तुला धरून पाच. खुंट्याशिवाय कसं ओढायचं?

खुंटा : गुडघे गेलेत माझे. खाली बसलो तर उठवायला माझीच जुनी क्रेन लागेल.

कप्तान : आणखी एक आहे. मी सकाळी तिघांना सांगितलं.

खुंटा : काय सांगितलंस?

कप्तान : सगळं. बोटांपासून.

खुंटा : भट्टीवाल्याला पण?

कप्तान : त्यालाच आधी. बाकीचे दोघं शेजारी होते.

खुंटा : तुला कुणी सांगितलं होतं सांगायला? बावीस वर्षं मी तोंडाला कुलूप लावून बसलो. मला विचारायचंस तरी.

कप्तान : विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास.

खुंटा : म्हणालो असतोच.

कप्तान : म्हणून नाही विचारलं. हे बघ, तू दोर सोडलास तेव्हा तरी मला विचारलं होतंस का? तू तुझं केलंस. त्यानंतर माझं करायचं होतं ते मी रोज उद्यावर टाकलं. परवा त्या पोराच्या मनगटाला वेटोळं पाहिलं आणि मला कळलं, मी मेलो असतो तरी हे राहून गेलं असतं. तू चांगुलपणानं गप्प राहिलास. मी गप्प राहिलो ते चांगुलपणानं नव्हे. दोन्ही गप्प एकाच मापात घालू नकोस.

खुंटा : काय म्हणाला भट्टीवाला?

कप्तान : माझ्याशी? काही नाही. उठला आणि मैदानाच्या त्या टोकाला जाऊन बसला. तो बघ, पाण्याच्या टाकीजवळ. घरी गेला नाही एवढंच.

खुंटा : तुला शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

कप्तान : मला पण तसंच वाटलं.

लेक : बाबा, ही तीन पानं आहेत. काल रात्री लिहिली. दिग्दर्शकाला अजून दाखवली नाहीत. तुम्ही वाचा. नको म्हणालात तर इथंच फाडते आणि जुना सीन तसाच जातो. कुरकुर करणार नाही.

खुंटा : चष्मा दे तुझा, कप्तान.

(खुंटा उन्हात उभा राहून तिन्ही पानं वाचतो.)

लेक : फाडू?

खुंटा : इथं तू लिहिलंयस, त्याला मनगट दिसतं, मग तो आभाळाकडं बघतो, मग त्याला घरी वाट बघणारी लेक आठवते, डोळ्यात पाणी येतं, आणि तो दोर सोडतो.

लेक : हो.

खुंटा : एवढा वेळ कुठं असतो? आभाळ वगैरे काही नाही. समोर कप्तानाचा घामेजलेला सदरा होता, त्याला भोक पडलं होतं.

लेक : बरं. आभाळ काढते.

खुंटा : आणि लेकही काढ.

लेक : मला ठेवायचीय.

खुंटा : नाही आठवलीस तू. खोटं नको. मला कुणीच आठवलं नाही. आठवली असतीस तर बहुतेक धरून ठेवला असता. चषक घेऊन घरी जायचं कुणाला नको असतं?

लेक : काढते.

खुंटा : रागावलीस?

लेक : नाही. पहिल्यांदाच कुणीतरी मला त्या गोष्टीतून बाहेर काढतंय.

खुंटा : मग हे पुढचं. तो पोट धरून बसतो, तिथं तू सनई का काय वाजवलीयस.

कप्तान : सारंगी लिहिलंय.

खुंटा : जे काय असेल ते. काढून टाक. तिथं आवाजच हवा. तोंडानं काढलेला. लोक हसू देत पोटभर. हात तोंडाशी नेलेला फक्त एकदा दिसला पाहिजे. ज्याला दिसेल त्याला दिसेल.

लेक : म्हणजे ठेवू म्हणता?

खुंटा : कप्तानाला विचार. त्यात त्याचीच जास्त नाचक्की आहे.

कप्तान : कप्तान हाच शब्द ठेव. कुणी विचारलं तर माझं घर दाखव.

लेक : दिग्दर्शक ओरडेल. म्हणेल, विनोदी सिनेमाला सुतक लागलं.

खुंटा : त्याला म्हणावं, बुडावरचा फोड आहे ना अजून. चला आता, ओढायचं असेल तर ऊन चढायच्या आत ओढा. गुडघ्यांचं काय व्हायचं ते होईल.

*

लेक : हळू. पायरी आहे. रिक्षा कोपऱ्यावर मिळेल.

खुंटा : चालू या थोडं. अंग आंबलंय, बसलो तर तिथंच राहीन.

लेक : किती सेकंद टिकलात माहितीय? अकरा. कॅमेरामन म्हणाला, फोकस होईपर्यंत संपलं.

खुंटा : समोर आठ धटिंगण, इकडं पाच हाडं. अकरा म्हणजे पुष्कळ. कप्तान कसा पडला बघितलंस? ढुंगण वर, तोंड मातीत. ते ठेवा म्हणावं सिनेमात.

लेक : ठेवणार आहेत. दिग्दर्शक हसता हसता खुर्चीवरून पडला. आणि ती तीन पानं वाचून काही बोललाच नाही. उद्या ओढीचा सीन पुन्हा घेऊ म्हणाला, एवढंच.

खुंटा : बघ. तुला वाटलं सुतक लागेल.

लेक : काकांनी दोर कसा धरला होता, पाहिलंत?

खुंटा : पाहिलं की. माझ्या नाकासमोरच होता. आठ बोटांनी. घसरला तसा घसरू दिला. ह्या वेळी बरोबर धरला.

लेक : बाबा, एक विचारू?

खुंटा : विचार. आज सगळे विचारतातच आहेत.

लेक : ओढायच्या आधी मी कॅमेऱ्याजवळ होते. लांबून दिसलं, भट्टीवाले काका टाकीजवळून उठले आणि तुमच्यापाशी आले. खाली वाकले. काय म्हणाले?

खुंटा : काही नाही म्हणाला.

लेक : इतका वेळ वाकून उभे होते.

खुंटा : माझ्या बुटाची नाडी सुटली होती. मला आता वाकता येत नाही, त्याला दिसलं असावं. त्यानं बांधली.

लेक : आणि मग?

खुंटा : मग दुसऱ्या बुटाची पण बांधली. ती सुटली नव्हती.